शिल्लक जागा

शुक्रवार. फहाहीलवर बेसनाच्या रंगाचं आकाश,
धुळीचा तिसरा दिवस.
इकाम्याचे कागद स्कॅन करायला बसलो
तर खाली कोपऱ्यात फुगा आला: जागा संपत आली आहे.
लाल पट्टी. उरलेत चाळीस एमबी.
एवढ्यात माझा पासपोर्टसुद्धा मावायचा नाही.

पुण्याहून अदीब फोनवर,
"अब्बा, नवा घ्या. हा डबा फुकट दिला तरी कुणी नेणार नाही."
म्हटलं, आधी रस्ता सांग, अक्कल मागाहून.

आधी टेम्प. हजारो फाईली, कशाच्या कुणास ठाऊक,
सगळ्या तात्पुरत्या.
मीही तात्पुरताच आलो होतो, दोन वर्षांच्या बोलीवर.
एकवीस झाली. अदीबला हे सांगत नाही,
तोच एकवीसचा आहे.

मग डाउनलोड. त्या प्रिंटरचा ड्रायव्हर,
जो प्रिंटर कधीच हारिसला देऊन टाकला.
बायोडेटा: मुकादम_फायनल, मुकादम_फायनल२,
मुकादम_खरंच_फायनल.
शेवटच्यात वय चार वर्षांनी कमी.
चुलतभावाच्या निकाहचा एकच फोटो नऊ वेळा,
कारण नऊ जणांनी पाठवला. आठ काढले.
नंतर शंका आली. कचऱ्याची टोपली उपसून एकेक पाहिला.
सारखे नव्हते.
सातव्यात अम्मी ताटाकडे नाही, माझ्याकडे बघतेय.
तो परत आणला. त्याच्या सोबतीला आणखी दोन.
पट्टी लालच.

"साइजप्रमाणे लावा, अब्बा. मोठं काय ते दिसेल."
लावलं. सगळ्यात वर जोसेकुट्टी.
संगणक मुळात त्याचाच. मुलूख सोडून मुलखाला जाताना
पस्तीस दिनारला दिला, टेबल वर फुकट,
आणि म्हणाला, हा एक फोल्डर राहू दे भाई,
हार्ड डिस्क घेऊन येतो, कॉपी करून नेतो.
चौदा वर्षं. अकरा जीबी.
आत काय आहे, पाहिलेलं नाही.
पाहू नको असं तो म्हणाला नव्हता,
म्हणूनच पाहिलं नाही.
"त्याचा नंबर तरी आहे का?"
आहे. लागत नाही. पण आहे.

अदीब जरा वेळ गप्प. मग म्हणाला,
"एक फाईल असते, दिसत नाही. दोन जीबीची. झोपेची."
झोपेची?
"मशीन झोपतं तेव्हा डोक्यात जे जे चाललेलं असतं
ते सगळं त्यात उतरवून ठेवतं.
उठलं की तिथूनच पुढे.
ती काढली तर जागा सुटेल.
फक्त मग ते उठताना कोरं उठेल."

असली फाईल माझ्यातही असणार.
नाईट ड्यूटीवरून येतो, खिडकीला फॉइल लावून आडवा होतो,
डोळ्यांपुढे एकशेसतरा नंबरचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा.
दुपारी दोनला उठतो, तेव्हाही अर्धाच.
रजेवर म्हसळ्याला गेलो की शाहिदाशी भांडण
मागच्या जुलैत जिथे सोडलं होतं
तिथूनच सुरू होतं,
त्याच शब्दावर, स्वल्पविरामासकट.

काळी खिडकी उघडली. त्यानं अक्षर अक्षर सांगितलं,
मी एका बोटानं टिपत गेलो. एंटर.
आवाज नाही, काही नाही.
पट्टी निळी.

कागद झाले. फोन ठेवला. मशीन बंद केलं,
प्लग काढला, झाकण उघडून ब्रश फिरवला.
आत पिठासारखी वाळू. एवढी, की
एक भाकरी थापता आली असती.

परत लावलं. उठलं. कोरं.
आतली चपटी बॅटरी केव्हाच मेली आहे,
प्लग काढला की तारीख विसरतं.
पडद्यावर एक जानेवारी दोन हजार नऊ.

दर वेळी लगेच दुरुस्त करतो.
आज पंख्याचा आवाज ऐकत बसलो थोडा.
जोसेकुट्टी पलीकडच्या खोलीत आहे, मोजे शोधतोय.
अदीबला अजून र म्हणता येत नाही.
अम्मी फोनवर विचारते, तिकडे थंडी पडते का रे.
पडते, म्हटलं.

मग घड्याळावर क्लिक केलं.