चारशे ऐंशी ठोके

पद्मजानं बंगळुरूहून आणलं हे काचेचं भांडं.
वर झाकण, झाकणातून गेलेली दांडी,
दांडीच्या टोकाला गोल जाळी.
नागमणी म्हणाली, सायकलचा पंप आहे का ओ हा?
मी जाळी खिडकीकडे धरली
आणि चष्मा न लावता तारा मोजू लागलो.
बारीक होती. बरी होती.
तीस वर्षं जॉबर होतो मी, अक्कलकोट रोडला,
वीण खोटी असती तर तिथंच परत केली असती.

कॉफी रव्यासारखी जाड दळलेली पाहिजे, पोर सांगत होती,
पाणी उकळून जरा टेकू द्यायचं,
मग ओतायचं, आणि चार मिनिटं
हात लावायचा नाही.
मोबाइलवर लावा, म्हणाली.
मोबाइल कशाला?
माझे माग मिनिटाला एकशेवीस ठोके मारायचे.
ते भंगारात गेले, किलोच्या भावानं,
काट्यापाशी मीच उभा होतो, वजन लिहून घ्यायला.
ठोका तेवढा अंगातनं निघाला नाही.
डाव्या कानाला कुकरची शिट्टी येत नाही आता,
धोटा येतो.
इकडनं तिकडं. तिकडनं इकडं.
चारशे ऐंशी झाले की दट्ट्या दाबतो,
बोटांनी नाही, तळहाताच्या नुसत्या वजनानं.
घाई केली की गाळ वर.

पहिला कप कोरा.
नागमणीनं एक घोट घेतला,
"चेदु," म्हणाली,
आणि सूप मांडीवर ओढून विड्या वळायला बसली.
आमच्या घरात कडू ते तेलुगूत,
हिशेब मराठीत,
आणि शिव्या ज्या त्या कारखान्यात शिकलेल्या.

मग एकदा दूध.
ऊन करून त्याच भांड्यात, निम्म्याच्या खाली,
आणि दट्ट्या भराभरा वर-खाली,
मनगट दुखेस्तोवर.
फेस असा उभा राहिला
की बोट फिरवून बघितलं,
टर्किश टॉवेलच्या टाक्यांवरून फिरवतात तसं.
शेजारचे शिवलिंगप्पा मिशीला फेस लावून म्हणाले, छलो अद.
दुसऱ्या दिवशी स्वतःचा कप घेऊन आले.

नळाला पाणी आलं त्या दिवशीची कॉफी वेगळी
आणि पाचव्या दिवशी, पिंपाच्या तळाची, वेगळी.
बोअरच्या पाण्याची तर विचारूच नका.
हे बंगळुरूला कुणी सांगत नाही.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला गेला,
शेगडीसमोर उभं राहायची सोय नव्हती.
फोनवर पद्मजा म्हणाली, गार पाण्यात भिजवा,
रात्रभर, बारा तास.
मी मनात गुणाकार केला:
शहाऐंशी हजार चारशे.
एवढे कोण मोजणार?
भांडं फ्रिजमध्ये ठेवलं, गच्चीवर गेलो,
आणि किती वर्षांनी कोण जाणे,
काही न मोजता झोपलो.
सकाळी दाबलं तेव्हा काळंशार, गोडसर पाणी निघालं,
कडूपणा रात्रीत कुठंतरी उतरून गेलेला.
नागमणीनं त्यात काकवी घातली, चिमूटभर सुंठ, बर्फ,
आणि ओट्यावर बसलेल्या बायकांना दिलं, स्टीलच्या पेल्यांतून.
मेहरूनबीनं पेला कपाळाला लावला आधी,
मग प्याली.

कालची गोष्ट.
पाणी ओतलं, मोजायला लागलो,
आणि बाहेर कुणीतरी भांडी विकायला आलं,
त्याच्या ओरडण्यात माझा धागा तुटला.
तीनशे दहा? तीनशे चाळीस?
तसाच उभा, तळहात दांडीवर.
नागमणीनं मान वर केली नाही.
तेंदूचं पान कापत, दोरा दाताखाली धरत म्हणाली,
"आठ झाल्या. दाबा आता."

म्हणजे इतके दिवस
तीही मोजत होती.