मशीनमागची जागा

कानबाईच्या विसर्जनाचा बँड
आमच्या गल्लीत वळला आणि
ढेमसं दिसेनासं झालं.
अंगणात नाही, ओट्यावर नाही,
त्याच्या घमेल्यात नुसतं ऊन हलत होतं.

सापडलं ते शिलाई मशीनच्या मागे,
भिंत आणि लोखंड यांच्यातल्या वीतभर फटीत,
जिथे गेलेली बॉबिन
मला कधी काढता आली नाही.
चाळीस वर्षं मी कापडाच्या घड्या घालतो,
एवढ्या अंगाची अशी घडी
मला नाही जमायची.

हात घातला, पट्टा धरून ओढलं.
त्यानं दात लावले. रुतवले नाहीत,
नुसते लावले, कळावं म्हणून.
कोकिळा म्हणाली,
कसाले वढतस त्याले?
भ्यायेल जीवले वढीसन काढस का कोनी?

आणि तिथेच फरशीवर बसली,
त्याच्याकडे पाठ करून, गवार मोडत.
मला दार लावायला सांगितलं,
पंखा मोठा करायला,
माझी घामट बंडी फटीच्या तोंडाशी टाकायला.
पाणी ठेवलं जीभ पोचेल इतक्यावर.
त्याला हाक मात्र मारू दिली नाही.

गिऱ्हाईक येतं ते म्हणतं, निंबाभाऊ, जरा सैल ठेवा.
अंगाला घट्ट हवं असं म्हणणारा
हा पहिलाच.
तिन्ही बाजूंनी भिंत,
राखायला एकच बाजू उरते.
हे मला त्या दिवशी कळलं, साठीत.

बँड बोरीकडे गेला. अंधार पडला.
गवार शिजून निवली
तेव्हा आधी नाक आलं, मग एक पंजा,
मग बराच वेळ काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी गाव गप्प होतं,
तरी ते पुन्हा तिथेच. भाकरीला तोंड नाही.
डॉक्टर बडगुजर म्हणाले,
आवाज नसताना लपतंय ना,
मग भीती नाही, दुखतंय कुठेतरी.
डाव्या कानात खोल कुसळ निघालं.
त्या कानानं त्यानं
अख्खा बँड ऐकला होता.

आता मशीन हातभर पुढे सरकवलंय.
मागे गोणपाट, वर अस्तराच्या चिंध्यांचा पडदा,
माप न घेता शिवलेला.
लोक विचारतात, तिकडे काय हो?
मी म्हणतो, ट्रायल रूम.

लग्नसराईत फटाके लागले
की ते आत जातं.
मी उठत नाही. कापड नसलं
तरी पायडल मारत बसतो,
त्या घरघरीची त्याला सवय आहे.