किती आली?

राजारामपुरी, नववी गल्ली.
मेसच्या फ्रिजमध्ये माझं इन्सुलिन
मगदूम काकूंच्या लसणीच्या चटणीशेजारी राहतं.
टोचलं की पोटालाही जरा वास येतो.
चालतंय की, म्हणतात काकू.

सकाळी आईचा फोन : किती आली?
एकशे बासष्ट.
यास्मिन पांघरुणातनं विचारते,
कितीपैकी गं?

सांगितलं नव्हतं तिला.
बाथरूमची कडी लावून टोचायचं,
कुणाचा केक आला की, उपवास आहे.
एका महिन्यात सात चतुर्थ्या झाल्या माझ्या.

परवा रात्री अडीचला
ट्यूबलाइटच्या दोन झाल्या.
घाम. जीभ लाकडाची.
एवढंच म्हणता आलं : गोड.

तिनं काही विचारलं नाही.
पेटी उपसली, मामूच्या गुऱ्हाळातला
गुळाचा खडा माझ्या दाढेत कोंबला
आणि अनवाणी पळाली काकूंना उठवायला.

ज्या गुळाला मी सहा वर्षं
दुकानातसुद्धा पाठ दाखवली, तो
घशातनं सावकाश उतरत होता.

पंधरा मिनिटांनी बोट टोचलं.
आकडा यास्मिननं वाचला :
एकोणऐंशी. पास काय?

काठावर, म्हटलं मी.

दारात काकू, गाऊनवर शाल,
केस मोकळे :
भाकरी टाकू काय एखादी?