सापाचा दगड

भरती-ओहोटीचं वेळापत्रक सायलस व्हेरिलला तोंडपाठ,
मी अजून ते फ्रिजला चुंबकाने डकवते.
व्हिटबीच्या काळ्या कड्याखाली आम्ही शुक्रवारी जातो,
दोन हातोड्या, एक थर्मास.
तो शहात्तरचा, मी एकोणसत्तरची,
आणि कडा?
इथेच आमचं बिनसतं.

मी म्हणते, अठरा कोटी वर्षं.
तो म्हणतो, साडेचार हजार, आणि एकच पूर.

गोटा एका ठोक्यात उकलतो.
आत वेटोळं घातलेला अमोनाइट,
नुकता डोळा लागल्यासारखा.
"बघ," मी म्हणते.
"बघ," तो म्हणतो.
बोटं एकाच जागी.

गावात जुनी गोष्ट सांगतात,
एका साध्वीने साप कड्यावरून लोटले, त्यांचे दगड झाले.
पूर्वीचे कारागीर या दगडांना तोंड कोरून विकत.
"भाकडकथा," सायलस खो खो हसतो.
मला हसता येत नाही.
साताऱ्याला आईच्या देव्हाऱ्यात, ताम्हनात,
असाच एक बसायचा, काळा, तुळतुळीत,
डोक्यावर तुळशीचं पान.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत घरी गेले ती तावातावाने.
"आई, हा तुझा शाळिग्राम म्हणजे
माकुळाचा चुलतभाऊ. समुद्रातला. मेलेला."
आई त्याला पुसत होती.
"समुद्रातला ना?" म्हणाली,
"मग रोज आंघोळ घालते तेच बरं."

मार्चमध्ये लायब्ररीच्या मागच्या खोलीत
सायलसचं भाषण ठरलं, जलप्रलय आणि आपला किनारा.
बेथन कागद घेऊन दारात. माझीच विद्यार्थिनी,
आता माझ्याच प्रयोगशाळेत शिकवते.
खोली देऊ नये, अशी मागणी. एकेचाळीस सह्या.
"तुमची पहिली हवी होती, मिस."

मी सांगितलं, तो हे वर्गात शिकवायला आला असता
तर मी दारात आडवी पडले असते.
पेपरात कुणी पूर लिहिला तर शून्य देते,
दिलंही आहे, त्याच्याच नातवाला.
पण ही खोली आहे, खुर्च्या आहेत,
ज्याला यायचं तो येईल.
"पण ते चूक आहे, मिस."
"चूकच आहे. चुकायला
आपली परवानगी लागते का?"
चहा न घेता गेली.
अजून रस्त्यात भेटली की नुसती मान हलवते.
तिचंही बरोबर असेल. रात्री कधी कधी
ती न केलेली सही मला टोचते.

मी दुसऱ्या रांगेत बसले. एकोणीस माणसं, एक कुत्रा.
शेवटी हात वर केला.
सगळे एकाच पुरात बुडाले, तर
खालच्या थरात एका जातीचे, वरच्यात दुसऱ्या,
अशी रांग कुणी लावली त्यांची?

सायलसने चष्मा काढला.
पुसला. पुन्हा पुसला.
"मला माहीत नाही, मिसेस निमकर,"
माइकमधून, सगळ्यांदेखत.
मत त्याने बदललं नाही. मीही नाही.
फळ्यासमोर बावीस वर्षांत हे तीन शब्द
मी किती वेळा उच्चारले,
घरी येताना मोजत होते.
एका हाताची बोटं पुरली.

नातवाच्या शून्याबद्दल तो एकदाच बोलला.
"पोराने अभ्यास करायला हवा होता."

आज वारा बोचरा आहे, थर्मासचं झाकण गळतंय.
सायलस गुडघ्यावर बसून एका गोट्याशी झटतोय,
पाठ समुद्राकडे.
आणि आज, पहिल्यांदाच, मला आधी दिसतं.
"सायलस, पाणी वळलं!"
तो वाद घालत नाही.
मी माझी हातोडी उचलते.
त्याचीही.