आधी राख, मग काच

ला पाइन गावात पहाटे सहाला उघडं असतं
ते डोनटचं दुकान आणि डेल हॅकर्टचं तोंड.
जीपमध्ये माझे हातोडे, त्याचा थर्मास, परवान्याची प्रत,
डॅशबोर्डवर एक फिकट, भोकाभोकांचा दगड.
"घे, तुला. माझ्या टाचा आता घासून संपल्या."
मला न्हाणीतली वज्री आठवते.
त्याला सांगत नाही;
इंग्रजीत वज्रीला धार येत नाही.

तेराशे वर्षांपूर्वी हा डोंगर
आधी फुटला, मग वाहिला.
आधी आभाळभर फेस, पूर्वेला मैलोगणती राख,
आणि नंतर, त्याच घशातून,
काळी जाड काच,
परातीत ओतलेल्या गुळाच्या पाकासारखी,
पुढे सरकताना अंगावर सुरकुत्या घेत.
रस तोच. मी तीनदा तपासला.
सिलिका तीच, सोडियम तेच,
लोहाचा आकडा शेजारच्या आकड्याला चिकटून.
मग वागणं का बदललं?

वरच्या काळ्या ढिगाऱ्यात पाय जपून टाकावा लागतो.
प्रत्येक पायरीला काच किणकिणते,
भांड्यांच्या फडताळात शिरल्यासारखं वाटतं.
डेल खालीच थांबतो, गुडघ्यांचं निमित्त करून.
आमच्यात पक्क्या गोष्टीला
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात.
मी चाकू ओढून पाहिला.
रेघ उठली नाही, पातं तेवढं बोथटलं.
नमुना सतरा: अंगठ्यावर रक्त, पिशवीवर शाई.

केसाहून पातळ काप.
भिंगाखाली काच आधी काहीच बोलत नाही.
मग दिसतात बारीक सुया, प्रवाहाकडे तोंड करून,
मुंग्यांच्या रांगेसारख्या,
आणि सुयांच्या मधे पुसट, अगदी पुसट
तुटलेल्या कडा.
सांधलेल्या.
म्हणजे ही काचसुद्धा कधीतरी राखच होती.
घशातच फुटली, घशातच चिकटली, पुन्हा फुटली,
आणि दर भेगेतून थोडी वाफ निसटत गेली,
कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी.
वरून पाहणाऱ्याला वाटलं असतं,
शांत झाला.

परतताना मी हे डेलला सांगितलं, हातवारे करत.
तो बराच वेळ गिअरशीच बोलत राहिला.
मग म्हणाला, "माझा बाप गिरणीत लाकडं कापायचा.
पन्नाशीपर्यंत आमच्या घरात
एक बशी धड नव्हती.
नंतर अकरा वर्षं ओसरीवर बसून. शब्द नाही.
आई म्हणायची, निवला."
पुढच्या वळणावर हरणं होती, आम्ही थांबलो.
"तुझ्या त्या यंत्रात दिसतं का,
नेमका कुठल्या दिवशी बदलला ते?"
मी म्हटलं, दिवस नाही दिसत.
कधी कधी स्फटिकाच्या कडेला आठवडा दिसतो,
तोही स्फटिक नशिबाने मिळाला तर.
"आठवडा चालेल," तो म्हणाला.
हरणं गेली तरी त्याने जीप हलवली नाही.

जिल्ह्याच्या कचेरीला एका ओळीत उत्तर हवंय:
पुढच्या वेळी फुटेल की वाहील?
मी चार ओळी लिहिते, दोन खोडते.
उरतं ते एवढंच:
वाफेला वाट मिळाली तर.
"तर" हा शब्द तिथल्या बाईंना आवडणार नाही.

मोटेलच्या बेसिनमध्ये पाणी भरून
डेलचा दगड सोडलाय.
पहिल्या रात्री तो हलकेच चुरचुरत होता,
भोकाभोकातून बुडबुडे सोडत.
आज तिसरा दिवस.
अजून तरंगतो आहे,
फक्त कालच्यापेक्षा
नखभर खाली.