राज्य कुणावर

दांडिया बाजारात, झेरॉक्सच्या दुकानावर
मधुकांतभाईंच्या क्लासची खोली
रविवारी तीन ते पाच मोकळी असते.
तिथे मी पट मांडते.
पुठ्ठ्याची विश्वामित्री, वळणं खरीखुरी,
काळ्या घोड्याचा पूल, कमाटीबाग, समा.
सोंगट्या म्हणून शर्टाची बटणं.
मगर मात्र हिरव्या खोडरबराची,
शेपूट कोरताना माझं बोट कापलं होतं.

स्वतःला घातलेला नियम एकच:
बोलायचं नाही.
खेळ माझा, पण खेळात मी लिंबूटिंबू,
कोपऱ्यात वही घेऊन.

पहिल्या रविवारी नियमांची बारा पानं
कुणी उघडलीसुद्धा नाहीत.
पंख्याने पत्ते उडाले. जिगीषाने गोळा केले
आणि एक गुपचूप मांडीखाली ठेवला.
मी लिहिलं: पत्ते जाड हवेत.
मांडीखालचं लिहिलं नाही.

दुसऱ्या रविवारी
कॉलेजातला निनाद आणि त्याचे तिघे मित्र.
"मस्त आहे," म्हणाले, "एकदम मस्त,"
आणि चाळिसाव्या मिनिटाला
चौघांच्याही नजरा जिन्याकडे.
'मस्त'चं काय करायचं असतं, मला माहीत नाही.
नजरा लिहिल्या, वेळेसकट.
घरी येऊन बारा पानांची तीन केली.
गेलेल्या नऊ पानांत एक वाक्य होतं
ज्यावर मी अख्खी दिवाळी घालवली होती.

तिसऱ्या रविवारी समाहून फाल्गुनी आली, वय नऊ,
सोबत धाकटा हेरंब, ज्याला सातच्या पुढे मोजता येत नाही.
जिगीषा पुन्हा, आणि झेरॉक्सवाल्यांचा फरहान.
नियम साधा: मगरीच्या घरात पडलात, बटण गेलं.
फाल्गुनीचा डाव. फाशावर पाच.
तिने बटण राहू दिलं
आणि मगर उचलली.
पुलाखालून, बागेमागून,
एकेक वळण घेत नेली.

"अगं, ती नाही हलवायची"
दातापर्यंत आलं होतं माझ्या.

"ही चुकून वर आलीय," तिने हेरंबला सांगितलं.
"पाणी चढलं ना, की येते.
आमच्या पार्किंगमध्ये आली होती, स्कूटरखाली.
तीच जास्त घाबरलेली.
मग काका आले, तोंडाला पट्टी बांधून
घेऊन गेले तिला."
हेरंब म्हणाला, "हिची पट्टी कुठे?"
तिने केसांतलं रबर काढलं.

"मारो पण दाव!" जिगीषा ओरडली.
बटणं पटावर पडून राहिली,
पूर ओसरल्यावर चपला राहतात तशी.
चौघं मिळून एका खोडरबराला
घरी पोचवत होती, फासा टाकून टाकून.
पाच वाजले. मधुकांतभाई दारात किल्ल्या वाजवत.
कुणी उठेना.

वहीत त्या दिवशीची एकच ओळ आहे:
मगरीवर राज्य दिलं कुणी?
अक्षर माझंच.

रात्री 'शिक्षा' लिहिलेलं घर खरवडलं.
पुठ्ठा सोलला गेला, खालून
बिस्किटांच्या खोक्याचा निळा रंग आला.
तो तसाच ठेवला. पाणी म्हणून चालेल.

आता अडचण वेगळी.
सगळेच एका बाजूने खेळले तर हरायचं कुणी?
मगर पोचलीच नाही, तर?
हेरंबला विचारलं.
तो म्हणाला, "मग ती थांबते."

लिहून घेतलंय.
कळलेलं नाही अजून.
रविवारी परत विचारीन,
या वेळी न बोलता.