शिल्लक

अशफाक बोटीवरून उतरला तेव्हा बॅगेत
अम्मीसाठी ब्लँकेट, खजुराचे दोन डबे
आणि मोज्यांत गुंडाळलेल्या बाटल्या.
"आपा, तुझं गणित पक्कं. एवढं करून दे."

दाभोळच्या जेटीजवळच्या मेडिकलात
बावीस वर्षं मी लोकांच्या खोकल्यावर लेबलं चिकटवतेय.
या वस्तूला बंदी आहे, हे मला माहीत नसेल
तर गावात कोणाला?
तरी सुईशिवायची सिरिंज घेतली,
उदबत्तीच्या पुडक्यामागं कागद ठेवला.

बाटली साठ मिलीची. ताकद हवी बारा.
मूळ अर्क छत्तीसचा, अडीचशे मिली.
साठ गुणिले बारा, भागिले छत्तीस: वीस.
वर सहा मिली आंबा.
आंबा मलेशियाचा!
परसात हापूसचं झाड, खाली पडलेले फळ कुजतंय,
आणि हा झाकण उघडून म्हणतो, "अगदी अस्सल."

"ग्लिसरीन सत्तर, पातळ तीस, असं हवं."
"होत नाही रे. अर्क पातळात, आंबाही पातळात,
सव्वीस इथंच झाले. ग्लिसरीनला उरले चौतीस.
सत्तावन्न-त्रेचाळीस मिळेल."
"चालेल," म्हणाला. पहिलीला चाललं.

पंधरवड्याला एक बाटली.
दुसरीत मी अर्क अठरा घातला.
तिसरीत सोळा.
जेवढा अर्क कमी तेवढं ग्लिसरीन जास्त,
पडवीत धूर दाट होत गेला,
तो खूश.
बारावर आले त्या दिवशी
सत्तर-तीस आपोआप जुळलं.
मी हातातली सिरिंज तशीच धरून
थोडा वेळ बसले.

लेबलावर मात्र दर वेळी बारा.
बावीस वर्षांत एकही लेबल खोटं लिहिलं नव्हतं,
मुदत संपलेली गोळी भावजयीलाही दिली नव्हती.
"हल्ली घशाला लागत नाही गं."
"खारी हवा आहे," मी म्हटलं,
आणि अम्मीनं, जिला काही माहीत नव्हतं,
मान डोलावली.

अकरावीत अर्क नव्हताच.
ग्लिसरीन, पातळ, मलेशियाचा आंबा.
ती ओढत तो रात्री जेटीवर बसला,
पलीकडं धोपाव्याचे दिवे मोजत.

निघायच्या सकाळी बॅग भरताना
त्यानं अर्काची बाटली उजेडात धरली.
विसरलेच होते मी,
माझा भाऊ बोटीवर टाक्यांतलं तेल मोजतो.
रोज, दोनदा. त्याच्या हिशेबावर इंजिन चालतं.

"अकरा बाटल्या, वीस-वीस.
तीस उरायला हवं होतं, आपा.
एकशे चाळीस आहे."

फेरीबोटीनं भोंगा दिला.
त्यानं बाटली माझ्या हातात ठेवली.
"राहू दे इथंच. मोजे कमी पडतायत."